डाव्या खिशातला चुंबक

लक्ष्मणरावांच्या सदऱ्याचा खिसा नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्यात फाटायचा. आधी शिवणीतला एक टाका सुटायचा, मग त्याच्या शेजारचा, आणि काही दिवसांनी तिथे बोटाचं टोक जाईल एवढं भोक पडायचं. त्यांची बायको कलावतीबाई ते शिवायच्या. मग ते पुन्हा त्याच जागी फाटायचं.

मित्रांनो, ते भोक मी पाडायचो. मी एक जुना नालाकृती चुंबक आहे. त्या खिशात राहायचो. हल्ली थकलो आहे, पण वजन काही कमी झालेलं नाही.

जन्मलो तेव्हा मी चुंबक नव्हतो, नुसती पोलादाची पट्टी होतो. मला तापवून वाकवलं, कडक केलं, मग माझ्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं घालून त्यातून क्षणभर जोराची वीज सोडली. पोलादात अगणित सूक्ष्म चुंबक आधीपासून असतातच. पण ज्याचं त्याचं तोंड वेगळीकडे असतं, म्हणून एकाचा जोर दुसरा खाऊन टाकतो. विजेच्या त्या झोताने बहुतेकांची तोंडं एका बाजूला वळवली. एका टोकाला उत्तर ध्रुव झाला, दुसऱ्या टोकाला दक्षिण. वीज गेली, ते मात्र वळलेलेच राहिले. त्या एका क्षणाच्या शिदोरीवर मी आजवर चाललो आहे.

पुढे मला हाताने दांडा फिरवायच्या एका टेलिफोनमध्ये बसवलं. माझ्या दोन टोकांच्या मध्ये तारेचं वेटोळं होतं. दांडा फिरला की वेटोळं फिरायचं, तारेत वीज निर्माण व्हायची आणि दूर कुठेतरी घंटी वाजायची. दांडा थांबला की वीज थांबायची. तेव्हा मला कळलं, चुंबक आणि तार नुसते जवळ असून भागत नाही. दोघांपैकी एकाला हलावं लागतं.

ते टेलिफोन गेले. मी जबलपुरात भंगारात आलो आणि तिथून लक्ष्मणरावांच्या हाती लागलो. त्यांचे वडील भंडाऱ्याहून इथे आले होते, तेव्हा भंडारा आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यं नव्याने आखली गेली. भंडारा तिकडे मराठी मुलखात गेला, हे घर इकडे हिंदी मुलखात राहिलं. लक्ष्मणरावांनी जबलपूरच्या गढा भागात विजेच्या मोटारी बांधायचं दुकान टाकलं. जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची. उघडताना निघालेले स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी एक सवय लावून घेतली. मी खिशाच्या आत, आणि स्क्रू बाहेरून खिशावर. कापडाच्या पलीकडून मी ते धरून ठेवायचो.

शहराजवळच्या पनागरचा नथ्थू भाजी पिकवतो. विहिरीवरची मोटर घेऊन आला की तो खिशाकडे पाहून म्हणायचा, "कक्का, आज कित्ते मेडल मिले?"

"तेरी मोटर के चार हैं," लक्ष्मणराव म्हणायचे. "और जला के ला, और मिलेंगे."

त्यांची मुलगी विनीता लहान असताना तिला त्यांनी माझ्या आणि विजेच्या नात्याची गोष्ट याच दुकानात शिकवली. एका खिळ्यावर तार गुंडाळली, तारेची टोकं टॉर्चच्या सेलला लावली. खिळ्याने टाचण्या उचलल्या. तार सोडवली, टाचण्या पडल्या. "पाहिलं? वीज आहे तोवर हा चुंबक," ते म्हणाले. विनीताने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "अन् हा?" ते म्हणाले, "हा पक्का आहे."

पण मित्रांनो, पक्कं असं काही नसतं. मी कितीदा फरशीवर पडलो. तारांना डाग द्यायची तापलेली सळई माझ्याशेजारी तासन्‌तास असायची. आपटल्याने आणि तापल्याने आतल्या सूक्ष्म चुंबकांची तोंडं पुन्हा वाटेल तिकडे वळतात. चुंबकाला आगीजवळ ठेवू नका, आपटू नका. काम झालं की त्याच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवा, म्हणजे त्याचा जोर टिकतो. माझ्यावर अशी पट्टी कोणी ठेवली नाही. पूर्वी मी मोठे बोल्ट धरायचो, आता लहान स्क्रूसुद्धा कधी कधी घसरतो.

माझ्याआधी लक्ष्मणरावच कोसळले. नथ्थूच्या मोटरीवर वाकले असताना त्यांना चक्कर आली आणि ते स्टुलावरून कलले. नथ्थूने त्यांना धरलं. शहरातल्या नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म इशाऱ्यावर चालतो, आणि यांचा इशारा मधेच अडतो. छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. ठोका चुकला की ते यंत्र विजेचा हलका धक्का देईल. उशीर करू नका, पुढची चक्कर शेवटची ठरू शकते.

लक्ष्मणरावांनी उशीर केला. आधी म्हणाले, पाऊस संपू दे. मग म्हणाले, गव्हाला पाणी सुरू झालं, मोटारी येऊन राहिल्या.

"जन्मभर लोकांच्या मोटारी बांधल्या," कलावतीबाई म्हणाल्या. "स्वतःची अडकून राहिली तर काहून नाही म्हणता?"

"मोटर उघडून पाहता येते. मला असं उघडून पाहायचं आहे का तुला?"

एका रविवारी विनीता आली. ती आता शाळेत विज्ञान शिकवते. तिने सरळ विचारलं, "बाबा, भीती कशाची आहे?"

त्यांनी खिशावरून माझ्यावर हात ठेवला. "ते मशीन बसलं की चुंबक जवळ नेता येत नाही. मोटर बांधणाऱ्यानं चुंबकापासून पळायचं, तर दुकानात बसून करू काय? भजे तळू?"

"मी विचारलं डॉक्टरांना. खिशात ठेवायचा नाही. छातीपासून हातभर लांब चालेल. चालू मोटरीवर वाकायचं नाही, वेल्डिंग बंद."

"हातभर! याचा जोर काय हात पाहून थांबते?"

"बघू या ना. निजा इथं."

तिने त्यांना पुढच्या खोलीतल्या खाटेवर निजवलं. गळ्याच्या हाडाखाली डावीकडे, जिथे ते यंत्र बसणार होतं, तिथे तिने शाळेतलं छोटं होकायंत्र ठेवलं. मग मला खिशातून काढलं. मी जवळ होतो तेव्हा काटा गर्रकन माझ्याकडे वळला. तिने मला वीतभर लांब नेलं. काटा निम्म्यावर परत गेला. हातभर लांब नेलं. काटा उत्तरेला जाऊन थांबला, जणू मी त्या खोलीत नव्हतोच.

"अंतर दुप्पट केलं की याचा जोर निम्मा नाही होत, बाबा. आठव्या हिश्शावर येतो. हा काटा काही डॉक्टर नाही, पण डॉक्टर म्हणून राहिले ते खोटं नाही एवढं तर दिसते ना? हातात राहू द्या याला. फक्त छातीवर नको."

तिने मला तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. इतकी वर्षं एका माणसाच्या छातीवर राहिलो. जो थकला आहे त्याने जागेचा हट्ट धरू नये.

लक्ष्मणराव हनुवटी छातीला टेकवून काट्याकडेच पाहत होते. काटा उत्तरेला स्थिर होता, पण अगदी स्थिर नव्हता. त्यांच्या ठोक्याने छाती हलली की त्याचं टोक किंचित थरथरत होतं. एक थरथर. मग दुसरी. मग काहीच नाही. कलावतीबाईंनी खाटेची कड धरली. फिरत्या मोटरीचा आवाज ऐकून कुठला वेढा बिघडला ते सांगणारा माणूस ती रिकामी जागा पाहत होता. मग काटा पुन्हा थरथरला.

लक्ष्मणरावांनी होकायंत्र स्वतःच्या हाताने उचललं आणि मुलीकडे दिलं.

"विनी, डॉक्टर साहेबांना फोन लाव," ते म्हणाले. "बसवून घेतो म्हणाव. याच हप्त्यात."