आगीचा ठेका

मी एक जुना ढोल आहे, एका तोंडाने फाटलेला. सालेकशाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी जंगल खात्याचे एक विश्रामगृह आहे. त्याच्या व्हरांड्यातल्या खुंटीला मी टांगलेला असतो. येणारेजाणारे माझ्या फाटक्या कातड्यात बोट घालून बघतात. घालू द्या बापडे. पण मित्रांनो, मी फाटलो कसा, हे कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगतो. आधीच कबूल करतो, मी मोठा बढाईखोर. दोन टाळ्या पडल्या की फुगून जाणारा. या गोष्टीत माझ्या त्या खोडीचाही वाटा आहे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी माझा जन्म झाला. इथून अर्ध्या कोसावर बेहडाटोला नावाची गोंडांची वीस घरांची वस्ती होती. तिथल्या बुधरामने शिवणीचे खोड आतून कोरून माझे अंग घडवले आणि दोन्ही तोंडांना कातडे ताणून बसवले. त्याची बायको दुर्पता मला पावसाळ्यात चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगायची, म्हणजे माझे कातडे सैल पडू नये. ऊब आणि धूर दोन्ही मिळायचे. इतकी निगा माझी पुढे कुणी राखली नाही.

लग्नात मी वाजायचो, सणात वाजायचो. पण माझे खरे काम निराळे होते. उन्हाळ्यात जंगलाला आग लागली की बुधराम मला गळ्यात अडकवून आगीचा ठेका धरायचा. तीन जड ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन. तो कानावर पडला की ज्याने त्याने हातातले काम टाकायचे, हिरव्या फांद्या तोडायच्या आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटायचे. जेवणारा ताटावरून उठायचा. जे घर आले नाही, त्याचे छप्पर शाकारायला पुढच्या वर्षी कुणी जायचे नाही. ठेका धरणाऱ्याने माणसे येऊन पोहोचेपर्यंत थांबायचे नाही, हाही नियमच होता. आणि सगळ्यांत कडक नियम असा की, आग नसताना हा ठेका वाजवायचा नाही. बुधरामने आपल्या मुलीला, फुलवंताला तो शिकवला, तोसुद्धा मांडीवर बोटे आपटून. मला हात लावू दिला नाही.

एकदा वैशाखात आग वस्तीच्या कुंपणापर्यंत आली होती. मी वाजलो आणि शेजारच्या दोन वस्त्यांतली माणसेसुद्धा फांद्या घेऊन आली. वीसच्या वीस घरे वाचली. त्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्या यादोरावने माझ्यावर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाला, "हा आहे म्हून आपुन आहो." ते शब्द मी पुढे कितीतरी दिवस मिरवले.

मग जंगल राखीव झाले. शिकार बंद झाली. एक तरुण रेंजरसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांना मनापासून वाटायचे की लोकांनी जंगल डोळ्यांनी पाहिले तर ते त्याला जपतील. दर रविवारी ते गोंदियाहून ट्रक भरून पाहुणे आणायचे. कधी शाळेची मुले, कधी धानगिरणीतली माणसे. त्यांतल्या पुष्कळांनी त्यापूर्वी सागाचे पानही पाहिलेले नसायचे. बुधराम त्यांना झाडे ओळखायला शिकवायचा, अस्वलाने ओरबाडलेले खोड दाखवायचा. मुले त्याच्या मागेमागे असत. ते दिवस चांगले होते.

पुढे साहेबांना कुणीतरी माझ्या ठेक्याबद्दल सांगितले. त्यांनी बुधरामला बोलावले.

"एकदा वाजवून दाखव. लोकांना कळू दे, तुम्ही जंगल कसं राखता ते."

"आग नसतानी तो वाजवत नाई, साहेब."

"बुधराम, वरून विचारणा होते आहे. राखीव जंगलात ही वस्ती कशाला हवी, असं. तुमची मोहफुलं वेचायची परवानगीसुद्धा माझ्याच शब्दावर चालू आहे. पाहुणे चार चांगले शब्द बोलले, तर मलाही वर काही सांगता येईल."

मोहफुले म्हणजे त्या वस्तीचे अर्ध्या वर्षाचे पोट. शेवटी बुधरामने मला गळ्यात घातले.

त्या रविवारी मी विश्रामगृहासमोर वाजलो, आणि सगळी वस्ती धावत आली. फांद्या घेऊन, घामाघूम, अनवाणी. दुर्पता कांडण टाकून आली होती, तिच्या हाताला कोंडा तसाच होता. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी खूश झालो. खोटे कशाला बोलू? मला फार आवडले.

दुर्पताने धूर शोधला. धूर नव्हता.

"कोठं आहे आग?" तिने विचारले. "काऊन बोलावलं मंग?"

"पाहुने आले," बुधराम म्हणाला.

"आज आलो धावत. रोज रोज कोन येईन?" ती म्हणाली आणि फांदी तिथेच टाकून निघून गेली.

दुसऱ्या रविवारी आठ-दहा जण आले. चौथ्या रविवारी कुणीच आले नाही. मग साहेबांनी चार माणसे फांद्या देऊन झाडाआड उभी करायची सोय केली. मला लाल रंग दिला, गोंडे लावले. वस्तीवर माझा आवाज पोहोचायचा, पण कुणी मान वर करत नसे.

१९५८ सालच्या चैत्रातला रविवार होता. सकाळी पाहुण्यांचा ट्रक आलेला वस्तीने पाहिला होता. दुर्पता विश्रामगृहामागच्या नाल्याकडे मोहफुले वेचायला गेली होती. दुपारी नाल्याच्या बाजूने धूर उठला. कुणाच्या बिडीने आग लागली, की फुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून मोहाखालचा पाला जाळताना वाऱ्याने ती पसरली, हे कधीच कळले नाही.

बुधरामने मला ओढून घेतले आणि ठेका धरला. व्हरांड्यातले पाहुणे खुर्च्या सरकवून बसले.

"लो भाई, शुरू हो गया!" गिरणीचे मुनीम मुन्नालाल म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

रेंजरसाहेबांनी धूर पाहिला. ते आणि ती चार माणसे नाल्याकडे धावली. पाच माणसांनी काय होणार? आगीला पन्नास हात लागतात. बुधराम वस्तीच्या पायवाटेवर डोळे लावून वाजवत राहिला. बायको आगीत आहे हे त्याला ठाऊक होते. पण माणसे येईपर्यंत थांबायचे नाही, हा नियम त्याच्या हाडात मुरलेला होता. "आता येतीन, आता येतीन," तो पुटपुटत होता. मी जीव तोडून ओरडत होतो. वाट मोकळीच होती. शेवटी माझे कातडे टर्रकन फाटले, तेव्हा तो मला टाकून धावला.

दुर्पता नाल्यात सापडली. टोपली तिच्या अंगाखाली होती.

धूर डोक्यावर आल्यावर वस्ती धावत आली. सगळ्यांत पुढे फुलवंता होती. ती बापासमोर बसली आणि म्हणाली, "आयकलं ना मी, बाबा. मले वाटलं, पाहुने आले."

त्या टाळ्या मला आवडल्या होत्या, मित्रांनो, आणि त्याची लाज मला अजून जाळते.

आग मोह वेचणाऱ्यांनीच लावली, असे वर ठरले. परवानगी गेली, आणि वर्षभरात वस्तीही उठली. माणसे दवनीवाड्याकडे धानाच्या शेतांत मजुरीला गेली, त्यांत बुधरामही गेला. रेंजरसाहेबांनी बदली मागून घेतली. फुलवंता मात्र इथे झाडलोटीला राहिली. ती रोज व्हरांडा झाडते, मला पुसत नाही.

मागच्या रविवारी शाळेच्या मुली आल्या होत्या. एकीने तिला विचारले, "बाई, हा कसा वाजायचा?" फुलवंता पायरीवर बसली आणि मांडीवर बोटे आपटली. तीन जड ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन. मुली टाळ्या वाजवायला गेल्या. तिने त्यांचे हात धरले.

मित्रांनो, जंगल बघायला जरूर या. झाडे ओळखा, पाऊलखुणा बघा. पण इथल्या माणसांच्या हाकेचा तमाशा करू नका. आणि कुठे ढोल ऐकू आला, तर हातातले टाकून आधी धावा. पाहुणे आलेत की आग लागली, ते पोहोचल्यावर बघा.