एकोणतिसाव्या वर्षी पहिली यत्ता

ग्लेनिशा फर्नांडिस सत्तावीस वर्षांची होती. कुडाळच्या एका बिल्डरकडे साइट इंजिनीअर म्हणून तिला चार वर्षं झाली होती, आणि सळ्या, स्लॅब, गवंड्यांशी हुज्जत यात ती चांगली रमलीही होती. एप्रिलातल्या एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिची आई एस्पेरांसा घरामागच्या बागेत काजूचे बोंडू वेचायला गेली, आणि पाचोळ्यातलं फुरसं तिच्या पायाला चावलं.

शेजारच्या भिकाजीने रिक्षा अशी हाणली की आरोग्य केंद्र वीस मिनिटांत आलं. तिथे डॉक्टर भक्ती एकट्याच होत्या, ग्लेनिशाहून वयाने लहानच. त्यांनी एस्पेरांसाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि ग्लेनिशाला म्हणाल्या, "वीस मिनिटं या नळीला हात लावू नका. फक्त घड्याळ बघा."

वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"गोठत नाहीये. म्हणजे विष भिनलंय," त्या शांतपणे म्हणाल्या आणि विषावरची लस सुरू केली. ग्लेनिशाने विचारलं, "रक्त गोठत नाही म्हणजे नक्की काय होतं?" भक्तींनी सलाइनचे थेंब मोजता मोजता सांगितलं. तिने आणखी विचारलं. त्यांनी आणखी सांगितलं. दुपारनंतर पुन्हा रक्त घेतलं, ते घट्ट गोठलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही इंजिनीअर कशाला झालात हो?"

बारावीला तिला जीवशास्त्र होतं, आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला वयाची अट नव्हती. पंधरा दिवस ग्लेनिशाने हा विचार डोक्यातून काढून टाकायचा प्रयत्न केला. मग पायाची सूज उतरलेल्या आईपुढे ती बसली.

"माय, माका डॉक्टर होवचा आसा."

"आता?" एस्पेरांसाच्या हातातला डाव थांबला. "माका फुरसा चावला नि याड तुका लागला!"

वडील, बाप्तिस्त, बोटीवर कुक होते. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "परत पयल्यापासना शिकूचा लागतला, माहीत आसा मां?" तिने हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मगे शिक."

नोकरी सुटली. ग्लेनिशा दिवसभर खोलीत पुस्तकं घेऊन बसायची, आणि एस्पेरांसा गुपचूप डोळे पुसायची. "मी त्या दिवशी बागेत जावचाच नाय होता," असं ती चर्चमधल्या बायकांना सांगायची. लेकीची चांगली नोकरी आपल्यापायी गेली, हे तिच्या मनातून जाईना.

पहिल्या वर्षी प्रवेश हुकला. निकालाच्या दिवशी ग्लेनिशाने जुन्या साहेबांना नोकरी परत मागणारा मेल लिहायला घेतला. आईने तो बघितला.

"इंजिनीअर मां तू? मगे अडला खंय?"

"बायोलॉजीत. गणितां सुटतत गो. नावां डोक्यात रवनत नाय."

"नावां?" एस्पेरांसा म्हणाली. "माका सबंद लादाइन पाठ आसा, मरियेची ती सगळी नावां. ल्हान असताना माका वाचूक पण येय नाय होता. गावन गावन पाठ केलंय."

ती उठली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "माका तुझी नावां मराठीत लिवन दी."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की मायलेकी तिथेच घरच्या आल्तारासमोर, क्रूसापुढे बसायच्या. एस्पेरांसा वही उघडून प्रार्थनेच्या चालीवर एकेक नाव गायची आणि ग्लेनिशा त्याच चालीवर त्याचं काम सांगायची. पहिले दोन दिवस दोघींना हसू आवरेना. एस्पेरांसाने तर दोनदा सवयीने "आमेन" म्हटलं. पण पावसाळा सरेपर्यंत तिचीच अर्धी वही पाठ झाली होती. एकदा बांगडे साफ करता करता तिने कल्ल्यावरचं झाकण बोटाने उचललं आणि आतून ओरडली, "गो, हेका ऑपरक्युलम म्हणतत मां?"

ग्लेनिशा धावत आली. "होय गो माय! होय!"

त्या दिवसापासून बागेतल्या दिवसाबद्दल एस्पेरांसा कुणापाशी काही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी शेवटच्या फेरीत नाव लागलं, तेही ओरोसच्या मेडिकल कॉलेजला, घरापासून तासाभरावर. डॉक्टर भक्तींची तोवर बदली झाली होती, त्यांना फोन केला तर त्या आधी किंचाळल्या आणि मग म्हणाल्या, "आता मला मॅडम म्हणायचं नाही हं."

पहिल्या दिवशी ग्लेनिशा साडी नेसून वर्गात शिरली. अठरा वर्षांची मुलं गप्पा मारत होती. तिला पाहताच सगळा वर्ग उठून उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅडम!"

ती कशीबशी दुसऱ्या बाकापर्यंत गेली आणि संचिता नावाच्या मुलीशेजारी बसली. वर्ग तसाच उभा.

"बसा ना," ती म्हणाली. "मीपण फर्स्ट इयरच."

मग जो हशा पिकला, त्यात तीही सामील झाली. संचिताने सरकून जागा दिली आणि विचारलं, "मग तुम्हाला काय म्हणायचं? ताई चालेल?"

संध्याकाळी हॉस्टेलवरून तिने आईला हे सांगितलं. पलीकडे एस्पेरांसा इतकी हसली की तिला ठसका लागला.

"नि तू साडी कित्याक नेसलंस?"

"पयलो दिवस मां गो."

"फाल्या ड्रेस घाल," आई म्हणाली. "नि जेवलंस काय?"