दरबारातला खांब

संग्रहालयाच्या दुरुस्तीखोलीत आम्ही बहीणभाऊ एकाच टेबलावर काम करायचो. दादा जुनी चित्रं साफ करायचा, मी फाटलेलं कापड सांधायचे. भांडणं घरून आणायचो आणि इथे पुरी करायचो.

निवृत्तीआधीचं त्याचं शेवटचं चित्र होतं एका राजाचा दरबार. राजा मधोमध नटूनथटून बसलेला आणि एकाही दरबाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे नाही. सगळ्यांच्या माना उजवीकडच्या एका जाडजूड खांबाकडे वळलेल्या. क्ष-किरणांत त्या खांबाखाली माणूस दिसला. तो राजाचा प्रधान, ज्याचा राजाने नंतर काटा काढला.

"मागाहून कुणा हुजऱ्याने हा खांब थापलाय," दादा म्हणाला. "जाण्याआधी या माणसाला त्याची जागा परत देऊन जाणार मी."

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांवरची काजळी पुसणारा माझा भाऊ एकदा तरी कुणाला न्याय देणार होता. एरवी रंगाची कड भिंगाखाली घेऊन आठवडाभर बघत बसणारा हा माणूस. या वेळी मात्र त्याला प्रधानाला भेटायची घाई झाली होती.

कापसाच्या बोळ्यांनी खांब उतरला आणि प्रधान बाहेर आला. संग्रहालयाचे साहेब येऊन फोटो काढून गेले. दादा मात्र हातातल्या बोळ्याकडेच बघत होता. खांबाच्या राखाडी रंगाबरोबर त्यात थोडा लालही होता.

मी चित्राकडे पाहिलं. शेजारच्या दरबाऱ्याच्या लाल बाहीचं टोक गेलं होतं. ती बाही खांबावर रंगवलेली होती. म्हणजे खांब आधीचा, दरबारी नंतरचे. चित्र चालू असतानाच प्रधान मारला गेला असणार. चित्रकाराने स्वतःच त्याला झाकलं आणि मग अख्खा दरबार त्या खांबाकडे बघत उभा केला. राजाला नुसता खांब दिसला असेल. बाकीच्यांना काय ते कळलं असेल.

आता ते सगळे एका प्रधानाकडे बघत होते. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आधीचे फोटो आहेत आपल्याकडे," मी म्हणाले. "खांब हुबेहूब रंगवता येईल तुला."

"येईल की," दादा म्हणाला. "पण त्या चित्रकाराने तो जीव मुठीत धरून रंगवला होता. मला कुणाची भीती आहे?"