तिसरी चिठ्ठी

कोशकाका गेले त्याला दीड महिना झाला होता, आणि 'लाइन' हा शब्द अजून त्यांच्या टेबलावर तसाच पडून होता.

कोशकाका म्हणजे बारकीचे वडील. बारकी बेचाळीस वर्षांची, एका कॉलेजच्या ग्रंथालयाची प्रमुख; पण घरात नाव पडलं ते पडलं. काकांनी तीस वर्षं एकच काम केलं. मराठीत पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन बसले, अशा इंग्रजी शब्दांचा कोश. ऐकलेल्या एकेका वाक्याची एकेक चिठ्ठी, पोस्टकार्डाएवढी. वर वाक्य, खाली बोलणाऱ्याचा धंदा, वय, त्या वेळी काय चाललं होतं, आणि शेवटी छापील अक्षरांत 'ऐकणारा'.

नियम दोनच, पण ते म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येक अर्थाला तीन परक्या माणसांच्या तोंडच्या तीन चिठ्ठ्या हव्यात. आणि विचारून काढलेलं वाक्य बाद. "विचारलं की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा बोलतो," असं ते म्हणत.

मंगळवारी संपादकबाईंनी बारकीला कोश कार्यालयात बोलावलं. बाई काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या.

"'ल'ची पानं शुक्रवारी दुपारी छापायला जातात," त्या म्हणाल्या. "'लाइन'चे अकरा अर्थ आहेत. दहा पक्के. पहिला अडलाय."

पहिला अर्थ होता दोरी. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. जवसाच्या धाग्याची दोरी ती लिनेआ. त्या दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, रांगेवरून रूळ, तारा, धंदे, घराणी, सगळं पुढे चालत आलं. कपड्याच्या आतल्या अस्तराला शिंपी लायनिंग म्हणतो, तेही त्याच जवसाचं कापड. काकांनी टिपणाच्या शेवटी लिहिलं होतं: 'सगळ्यांत जुना अर्थ अजून जिवंत आहे. तो गवंड्याच्या हातात आहे.' त्यांच्या हातचं ते शेवटचं वाक्य. पण त्या अर्थाला चिठ्ठ्या होत्या दोनच.

"तिसरी नसेल तर अर्थ गाळावा लागेल. आणि ते वाक्यही." बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "मला गाळायचं नाहीये गं. पण नियम त्यांचाच आहे."

घरी आई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती.

"हे बघ. 'लाइन गेली, मेणबत्ती आण.' हे शेजारचे भाऊजी. 'बँकेत ही लांब लाइन.' आणि हे? 'तो तिच्यावर लाइन मारतो.' ह्याला तीनच्या जागी नऊ चिठ्ठ्या! बसस्टॉपवर तासन् तास काय करत होते ते आत्ता कळलं मला."

बारकीला हसू आलं. त्याखालची चिठ्ठी मात्र आईने दोनदा वाचली. 'हा माणूस कधी लाइनीवर येणार, देव जाणे.' धंदा: गृहिणी. काय चाललं होतं: मी तिसऱ्यांदा दूध उतू घालवलं. आणि समासात लाल शाईने: 'घरची साक्ष. बाद. पण खरी.'

आईने ती चिठ्ठी वेगळी काढून ठेवली. मग म्हणाली, "तुझं अक्षर अगदी त्यांच्यासारखं आहे. लिहून टाक की एक."

"आई!"

"बरं बाई, नको. बापाची लेक ती."

मागच्या गल्लीत दातांच्या दवाखान्याची कुंपणभिंत चढत होती. बुधवारी बारकी रजा टाकून तिथे जाऊन उभी राहिली, खांद्याला कोश कार्यालयाचं नाव छापलेली काकांची पिशवी, हातात वही. मिस्त्री विटा लावत होता, त्याची बायको माल कालवत होती. दोन कोपऱ्यांतल्या विटांना खिळे ठोकून मध्ये दोरी ताणलेली. एक थर झाला की दोरी वर.

"कोण हवंय?" मिस्त्रीने विचारलं.

"कुणी नाही. बघतेय."

"बघा. पण भिंत आहे, सिनेमा नाही."

तासाभराने त्याने बायकोला हाक मारली, "लाइनदोरी वर घे गं." बारकीने झटकन वही उघडली आणि हिरमुसून मिटली. काकांनी टिपेत आधीच बजावलं होतं: 'लाइनदोरी नको. त्यात दोरी वेगळी आली, म्हणजे लाइन नुसती सोबतीला. एकटी लाइन हवी.'

वही उघडली ही चूक होती. मिस्त्रीची बायको पिशवीवरची अक्षरं वाचून नवऱ्याच्या कानाशी लागली, "अहो, भाषेच्या ऑफिसातनं आल्यात. तपासणी असेल. नीट बोला."

तिथून पुढे मिस्त्री जे शुद्ध बोलू लागला, ते थांबेचना. सिमेंटला 'बांधकामाची भुकटी' म्हणाला. गुरुवारी तर कहर झाला. खांबामागून मिस्त्रीचा अदबीने आवाज आला, "अहो, ती रेषा जरा सरळ धरता का?"

बायकोने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. "मला म्हणताय? अहो?" तिला इतकं हसू फुटलं, की घमेलं कलंडलं. "वीस वर्षं झाली लग्नाला, आज अहोजाहो! ताई, तुम्ही रोज येत जा हो!"

मिस्त्रीही लाजून हसला. बारकी हसली, पण घरी जाताना वही कोरीच होती. वडिलांच्या खुर्चीजवळून जाताना ती नेहमीसारखी भिंतीच्या बाजूने गेली. त्या खुर्चीला अजून कुणी हात लावला नव्हता. गेल्या वर्षी ते म्हणाले होते, "चल माझ्याबरोबर, एकदा ऐकून बघ." कॉलेजात पुस्तकांची मोजणी होती. ती गेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिने वही आणि पिशवी दोन्ही घरीच ठेवली. मिळालं तर मिळालं. निदान भिंत पुरी झालेली बघू.

मिस्त्री एकटाच होता आणि वैतागलेला होता. बायको पाण्याला गेलेली, कोपऱ्यातली वीट हलून तिचा खिळा निसटलेला.

"ताई, नुसत्याच उभ्या आहात तर हे टोक धरता? ह्या खुणेवर. हलायचं नाही."

तिने टोक बोटाला गुंडाळलं आणि खुणेवर धरलं. दोरी ताणली गेली. पलीकडून थापीचा टकटक आवाज दोरीतून तिच्या बोटापर्यंत येत होता. म्हणजे हेच. एवढ्यासाठी ते उन्हात जाऊन उभे राहत. तेव्हा त्यांनी धरलं असेल का कुणाचं टोक? विचारायला हवं होतं. चिठ्ठीवर ते लिहायला जागाच नसते.

"अहो ताई! झोपलात का?" मिस्त्री गरजला. "लाइन ढिली पडली! पोटात गेली की भिंत, वाकली! ओढा, लाइन ओढा!"

तिने ओढली. दोरी बोटात रुतली. डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती. पुसायला हात मोकळा नव्हता. थर अजून सतरा विटांचा बाकी होता, आणि थर अर्धा सोडून कार्यालयाकडे पळणारी बारकी ती नव्हे. तिने सतराही विटा लागेपर्यंत लाइन ताठ धरली.

मग मात्र तिने घाईने विचारलं, "मिस्त्री, वय काय तुमचं?"

"सेहेचाळीस. का हो? आता ओरडलो म्हणून तक्रार बिक्रार?"

"नाही हो. फार छान ओरडलात."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, रागावू नका, पण तुम्ही नक्की कुठल्या लाइनीतल्या?"

ह्या अर्थाला तीन चिठ्ठ्या कधीच झाल्या होत्या. तरी ती उत्तर द्यायला थांबली.

"वडिलांच्या," ती म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.

संपादकबाईंसमोर बसून तिने कोरी चिठ्ठी भरली. 'लाइन ढिली पडली! ओढा, लाइन ओढा!' धंदा: गवंडी. वय: सेहेचाळीस. काय चाललं होतं: दोरीचं दुसरं टोक ऐकणारीच्या हातात होतं.

"विचारलं होतंस?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही. ओरडा खाल्ला."

"मग घेतली." बाईंनी शिक्का उचलला आणि थांबल्या. "खाली नाव राहिलंय."

'ऐकणारा' ह्या छापील शब्दापुढे तीस वर्षं एकच नाव होतं. बारकीने पेन टेकवलं. बोटावर दोरीचा लाल वळ होता, नखांत सिमेंट होतं. आधी तिने शेवटचा काना खोडून 'ऐकणारी' केलं. मग आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"अक्षर अगदी त्यांचं," बाई म्हणाल्या, आणि शिक्का मारून त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "'व'मध्ये चार अर्थ अडलेत. सोमवारी येतेस?"