लोंबार्द वाऱ्यातली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. आल्प्सच्या उंचावर, इटलीकडे जाणाऱ्या घाटाच्या अलीकडे ग्रांजेत नावाची वाडी आहे. तिथल्या प्रार्थनाघराच्या माथ्यावर मी टांगलेली आहे. वय विचाराल तर दीडशेच्या पुढे. शहाणपण विचाराल तर बेताचंच. मला डोळे नाहीत, आणि नुसतं ऐकून जग समजून घ्यायचं म्हणजे गोंधळ व्हायचाच.

मला ओतलं ते खाली खोऱ्यात. ओतणाऱ्याने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "हिचा आवाज कोसभर जाईल." मी फुशारून गेले. पण वर आल्यावर काही उमगेना. लग्नात मला वाजवत, तेव्हा बायका रडत. मयताला वाजवत, तेव्हा नंतर सगळे पोटभर जेवत आणि हसतसुद्धा. कोणत्या वेळी मी काय म्हणत असते, देव जाणे!

सगळ्यात मोठं कोडं म्हणजे लोंबार्द. हा इटलीकडून घाट ओलांडून येणारा वारा. तो सुटला की बर्फ वरून, खालून, चहूकडून उडतो आणि भर दुपारी माणसाला स्वतःचा हात दिसत नाही म्हणे. छपरांवरचे दगडसुद्धा जागा सोडतात. अशा वेळी घराबाहेर पडायचं नाही, ही इथली शिस्त. जो आधीच बाहेर अडकला असेल त्याच्यासाठी मी. तीन ठोके, मग विश्रांती, पुन्हा तीन ठोके. विश्रांतीत कुणी ओ देतंय का ते ऐकायचं. वाजवणाऱ्याला वाऱ्यात उभं राहावं लागू नये म्हणून माझा दोर भिंतीतल्या भोकातून थेट आँसेल्म म्हाताऱ्याच्या गोठ्यात सोडलेला आहे. हिवाळाभर माणसंही तिथेच, गाईमेंढ्यांच्या उबेला राहत. त्या भोकातून मला त्यांचं बोलणं ऐकू येई.

एका फेब्रुवारीत आँसेल्मचा मुलगा ब्लेझ सकाळीच घसरगाडी घेऊन वरच्या कोठारातून गवत आणायला गेला, आणि दुपारी लोंबार्द सुटला. त्याची बायको पेरोन दोराला अक्षरशः लोंबकळली.

"हळू ओढ, सूनबाई," म्हातारा म्हणाला. "दोर तुटला तर मी काय छपरावर बसून आरवू?"

"आरवा, मामंजी! एरवी दिवसभर आरवताच की. तो निघाला तेव्हा नेमके गप्प बसलात!"

"गप्प कुठला? म्हटलं होतं, आभाळ बघून जा. म्हणाला, बघितलं."

पेरोन रडत होती आणि ओढत होती. मी घणाणत होते, पण वारा माझा आवाज धरून भलतीकडेच फेकत होता. मी ब्लेझला बोलावत होते की चकवत होते, तेच मला कळेना. फार भीती वाटली मला.

दोनेक तासांनी दार धडकन उघडलं. ब्लेझ आला! पेरोनने दोर सोडला आणि मी गप्प झाले. नेहमी असंच व्हायचं. वाडीतली माणसं मोजायची, चौदा भरली की माझं काम संपलं.

"मेल्या, गवत कुठंय?" पेरोन हुंदके देत विचारत होती.

"गवत म्हणे! गाडीच सोडून आलो. घंटा कधी उजवीकडे वाजतेय वाटे, कधी डावीकडे. वाटेवरच्या क्रूसाच्या आडोशाला तर माझीच पावलं मला भेटली, अगदी ताजी. म्हटलं, झालं, गोल फिरलो."

"तुझीच कशावरून?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मग कुणाची? बुटाच्या तळाचे खिळे स्वच्छ उमटले होते."



"गाढवा," म्हातारा म्हणाला, "तू बुटांवर फडकी गुंडाळून गेलायस. तुझे खिळे उमटतील कुठून?"

पेरोनचे तळवे सोलवटले होते. तरी तीच दोराकडे धावली. मी चक्रावले. चौदाच्या चौदा आत होते, मग आता हाक कुणाला? ब्लेझ बाहेर जायला निघाला, तर म्हाताऱ्याने त्याचं बखोट धरलं. "तू गेलास तर दोघांना शोधावं लागेल. बस इथं, आणि हिचे हात दुखले की दोर घे." मग ते तिघे आळीपाळीने मला वाजवत राहिले.

दिवस मावळायच्या आत, एका विश्रांतीत, भिंतीपाशी खरवडल्यासारखं ऐकू आलं. घाटापलीकडच्या पिएमाँतचा एक धारवाला, गावोगाव चाकूसुऱ्यांना धार लावत फिरणारा बातिस्ता, भिंतीला धरून रांगत आला होता. सूप पोटात गेल्यावर त्याला बोलता आलं.

"घंटेच्या रोखाने येत होतो. मग ती थांबली. म्हटलं, गेलं, आता कुठं जाणार? दगडाआड बसलो. गंमत म्हणजे मस्त ऊब वाटायला लागली. कोट काढायच्या बेतात होतो."

"गोठून मरायच्या आधी अशीच ऊब वाटते," म्हातारा म्हणाला.

"अन् मग?" ब्लेझने विचारलं.

"मग ही बया पुन्हा सुरू झाली! धड झोपूसुद्धा देईना. शिव्या घालत उठलो."

सगळे हसले. पेरोनचं हसणं मात्र मला ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून वाडीने माणसं मोजून मला थांबवणं सोडून दिलं. तेव्हापासून वारा पडेपर्यंत मला वाजवतात, मग आपली माणसं आत असोत की नसोत. मित्रांनो, वादळातून घरी पोचलं की जीव भांड्यात पडतो. पडू दे. पण दार लावण्याआधी विचारा, वाटेत आणखी कुणी दिसलं होतं का?

हल्ली लोक मला बघायला येतात. "हिने किती जीव वाचवले!" असं म्हणतात आणि मी पुन्हा गोंधळते. कारण त्या फेब्रुवारीच्या आधी नव्वद हिवाळे, वाडीची माणसं आत आली की मी गप्प बसत होते. तेव्हा दगडाआड कोण बसलं होतं, ते कुणी मोजलेलं नाही.