मला कुणी खाली बसवलंच नाही

मित्रांनो, सिनेमा पाहून तुम्ही नटांचं कौतुक करता, कॅमेऱ्याचं करता, कधीमधी दिग्दर्शकाचंही करता. पण तो कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसलेला असतो, त्याचं नावसुद्धा तुम्ही विचारत नाही. तो मी, ट्रायपॉड. आता जुना झालोय. मला तीन पाय आहेत, एक मान आहे आणि गेली काही वर्षं मनात साठून राहिलेला वैताग आहे. आज तो सांगून टाकणार आहे.

माझे पाय ॲल्युमिनियमचे. प्रत्येक पाय तीन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. खटका सैल केला की पाय लांब होतो, दाबला की तिथेच घट्ट राहतो. मानेजवळ छोटी पाणसळ आहे. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, मी सरळ उभा आहे. मला माणसाहून उंच होता येतं, तसंच पाय फाकवून जमिनीलगत बसताही येतं. कारखान्यात तपासणीच्या वेळी मी एकदा असा बसलो होतो. त्यानंतर कधी नाही.

मला विकत घेतलं यतीनने. मीरा रोडला पूनम सागरजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण खरा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. लग्नात पाहुण्यांची डोकी मध्ये मध्ये येतात. म्हणून त्याने पहिल्याच दिवशी मला पूर्ण ताणून उभं केलं आणि खटक्यांवर लाल चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे उंची हलायला नको. अक्षता, पंगत, रुसलेली मामी, सगळं मी वरून पाहिलं. नवरानवरी स्टेजवर चढली की मात्र मी त्यांच्यापेक्षा खाली राहायचो, आणि ती दोघं राजाराणीसारखी दिसायची. लग्नात मोठं दिसायला कोणाची हरकत नसते. "यतीनचं शूटिंग जरासुद्धा हलत नाही," असं लोक म्हणायचे. न हलणारा मी होतो, पण शाबासकी त्याला मिळायची. तेही मी चालवून घेतलं.

दोन हजार सहा सालच्या गणपतीसाठी सोसायटीच्या मंडळाने ठरवलं की यंदा ऑर्केस्ट्रा नको, आपणच एक छोटा सिनेमा करू. यतीनने गोष्ट लिहिली. खाडीकाठच्या गावातली एक म्हातारी आपलं घर बिल्डरला विकत नाही, सगळे मागे लागतात तरी ती बधत नाही. गोष्ट चांगली होती, कारण ती खरी होती. जवळच्या मुर्धा गावच्या गोदूबाई सोसायटीच्या गेटवर सुकी मासळी विकायला बसायच्या. त्यांच्या घरावर बिल्डरचा डोळा होता आणि त्यांचा मुलगा राघो "देऊन टाकू" म्हणत होता. त्या मात्र ऐकत नव्हत्या.

यतीनने त्यांनाच काम करायला सांगितलं. त्या आधी हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या.

"करते. पण राघोला दाखवशील ना? तो माझा ऐकत न्हाय. टीव्हीचा ऐकतो."

"मावशी, पहिल्या रांगेत बसवतो त्याला," यतीन म्हणाला.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे हा सिनेमा गोदूबाईंना नाव मिळवायला नको होता. घर वाचवायला हवा होता.

शूटिंगच्या दिवशी गोदूबाई आपल्याच अंगणात बसल्या. पुढ्यात सूप, सुपात जवळा. निवडता निवडता त्यांनी वाक्य म्हटलं, "ही जागा इकायची न्हाय. माझ्या सासऱ्यानं मिठागराचा चिखल वाहून ही भरणी केली. तुझा पैसा तुझ्याकं ठेव." मित्रांनो, काय आवाज होता. अंगणातली कोंबडीसुद्धा थबकली. मी वाट पाहत होतो की आता यतीन ती पट्टी सोडेल, माझे पाय आखडेल आणि मला त्यांच्यासमोर बसवेल.

त्याची बायको शुभदा चेहऱ्यावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभी होती. तिलाही तेच वाटलं. "अरे, जरा खाली घे ना. त्यांचे डोळेच दिसत नाहीयेत."

"वरून सगळं फ्रेममध्ये येतं. अंगण, सूप, सगळं. लग्नात काय करतो मी?" यतीन म्हणाला.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. गोदूबाई जमिनीवर, मी ताठ उभा, आणि कॅमेरा थेट त्यांच्या टाळूवर. शेवटच्या वाक्याला तर यतीनने झूम हळूहळू मागे नेला, लग्नाच्या शेवटी अख्खा हॉल दाखवतात तसा. गोदूबाई लहान लहान होत गेल्या आणि भल्यामोठ्या अंगणात ठिपक्याएवढ्या उरल्या.

बिल्डरचं काम सोसायटीतल्या आत्मारामकाकांनी केलं. ते बँकेत होते, स्वभावाने भित्रे. त्यांना मिठागराच्या बांधावर उभं केलं. बांध अरुंद, म्हणून मला खाली चिखलात रोवलं. आता पाहा गंमत. खालून पाहिल्यावर काकांच्या मागे नुसतं आभाळ. खांदे रुंद, हनुवटी वर. यतीनने त्यांच्या चेहऱ्याकडे सावकाश झूम नेला. काका वाक्य विसरून थांबले होते, पण पडद्यावर ते विचार करणारा मोठा माणूस वाटले.

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. वरून पाहिलं की माणूस बापुडा होतो. खालून पाहिलं की वजनदार होतो. जवळ गेलं की त्याचं म्हणणं पटायला लागतं आणि लांब गेलं की कीव येते. यात पात्राची काही चूक नसते. मला हे ठाऊक होतं, पण माझे खटके माझ्या हातात नाहीत. मी नुसता चरफडत राहिलो.

वर आणखी एक. यतीनने मला तसंच चिखलासकट घरी आणलं आणि कोपऱ्यात उभं केलं. मिठाचं पाणी खटक्यांत शिरलं. कोणी एक ओलं फडकंही फिरवलं नाही.

गणपतीत आवारात पडदा लावला. गोदूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी राघो. मी मागे उभा होतो, कार्यक्रमाचं शूटिंग करायला. अंगणाचा प्रसंग आला आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "बिचारी," कोणीतरी म्हणालं. मागच्या रांगेतून आवाज आला, "बिल्डर सही बोल रहा है यार. बुढ़िया को फ्लैट मिल रहा है, और क्या चाहिए?" आत्मारामकाकांना टाळ्या पडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

गोदूबाईंनी पडद्यावरच्या स्वतःकडे पाहिलं. नव्या लुगड्याचा पदर त्यांनी घट्ट ओढून घेतला.

राघो यतीनला भेटायला मागे आला. त्याचे डोळे ओले होते. "बरा केलास भाऊ, दाखवलास. मला वाटायचा, आय खमकी हाय. ती तर पार एकटी दिसली रं. आता तिला त्या घरात न्हाय ठेवायची." असं म्हणून त्याने यतीनचे हात धरले. यतीनला वाटलं, सिनेमा जमला.

मला त्या क्षणी कोसळायचं होतं. पण माझा बुडबुडा मधोमध होता. मी सरळ उभाच राहिलो.

पुढच्या वर्षी एका दुपारी गोदूबाई आणि राघो स्टुडिओत आले. पासपोर्ट फोटो हवा होता.

"कशासाठी मावशी?" यतीनने विचारलं.

"रजिस्टरला लावायला. घर इकला," त्या म्हणाल्या. राघो घड्याळ बघत होता.

स्टुडिओतलं स्टूल माझ्या उंचीला जुळणारं, उंच. गोदूबाईंचे गुडघे दुखत होते, त्यांना चढता येईना. त्या सरळ फरशीवर बसल्या, अंगणात बसल्या होत्या तशाच. यतीनने माझ्या मागून पाहिलं. त्याला फक्त टाळू दिसली. मग पहिल्यांदाच त्याने ती लाल पट्टी सोडली आणि माझा खटका सैल करायला ओढला. खटका हलला नाही. दुसरा ओढला, तिसरा ओढला. खोबरेल तेल घातलं, पक्कड लावली. मिठाने माझे सांधे कधीच धरले होते. ज्या दिवसाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, त्या दिवशी मला बसता आलं नाही.

शेवटी यतीनने माझ्या डोक्यावरून कॅमेरा काढून घेतला, गोदूबाईंसमोर दोन्ही गुडघे टेकले आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांसमोर धरून फोटो काढला. मी रिकामा उभा होतो.

फोटो छापून आला. यतीनने तो राघोच्या हातात दिला आणि मान खाली घातली. राघो बराच वेळ बघत राहिला. फोटोतली बाई त्याच्याकडे रोखून बघत होती.

"आये," तो हळूच म्हणाला, "तू रागावलीस काय?"

"सिनेमात बी अशीच बसलेली," गोदूबाई म्हणाल्या. "तवा न्हाय दिसली तुला."

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. रजिस्ट्रेशनच्या कचेरीत नंबराचं टोकन घेतलं होतं, बिल्डरचा माणूस तिथे वाट बघत होता. राघोने फोटो खिशात ठेवला आणि आईला हात देऊन उठवलं. ते गेले.

मुर्ध्याला त्या जागी आता इमारत उभी आहे. माझ्या मानेला एक पाटी बांधून मला दुकानाबाहेर ठेवलंय, 'फोटो पाच मिनिटांत'. तिथून येणारेजाणारे सगळे मला लहान दिसतात. मित्रांनो, तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर काम झाल्यावर त्याचे पाय पुसून ठेवा आणि अधूनमधून त्याला खाली बसवा. आणि पडद्यावर कोणी बिचारं दिसलं, तर त्याची कीव करण्याआधी एवढं विचारा, की त्याच्याकडे बघणारा उभा होता की बसला होता.