पंचाचे पान

पातुर्ड्याचे महादेवराव, महादेवरावांचे रंगराव, रंगरावांचे शेषराव आणि शेषरावांचा निवृत्ती. पहिल्याने काळी जमीन मोडली, दुसऱ्याने गावोगावचे तंटे तोडले, तिसऱ्याने शाळा चालवली. चौथा सरकारी नोकरीत शिरला.

महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षे लोटली होती. कामगार खात्याने निवृत्तीला वरवट बकालच्या एका कापसाच्या जिनिंगवर धाडले. मालक-मजुरांचे जे खटले कामगार कोर्टात चालले, त्यांत दोन्ही बाजूंना काय सोसावे लागले, ते विचारून आणायचे होते. कोर्ट जिल्ह्याबाहेर. लोकांनी खरी अडचण सांगितली, तर ते महिन्यातून एकदा जवळ, खामगावला बसावे अशी शिफारस होणार होती. न सांगितली, तर विषय संपला. निवृत्तीला ती शिफारस मनापासून हवी होती.

सकाळी तो मालकांकडे, शंकररावांकडे गेला. ते मोकळेपणी बोलले. रुखमाबाई नावाच्या मुकादमिणीला त्यांनी कामावरून काढले, ती कोर्टात गेली, जिंकली, परत कामावर आली. त्याचे त्यांना दुःख नव्हते. पण तारखांपायी ऐन हंगामात जिनिंग मुनिमावर सोडून हिंडावे लागले, याचा राग अजून होता. बोलता बोलता पाने मांडली गेली. अन्नाला नाही म्हणू नये, या शिकवणीत वाढलेला निवृत्ती तुपाने निथळणाऱ्या पोळीच्या पानावर बसला, आणि तिथेच फसला.

जिनिंगमागच्या वस्तीत त्याच्याआधी त्याच्या जेवणाची वार्ता पोचली होती. लिंबाखाली बसलेल्या मजुरांना त्याने विचारले, कोर्टात जाताना त्रास झाला का? नाही. मजुरी बुडाली? नाही. मालकाने डूख धरला? छे, मालक म्हणजे देवमाणूस. उत्तरे इतकी गोड की निवृत्तीने लेखणी खाली ठेवली. हे असेच लिहून नेले, तर कोर्ट होते तिथेच राहणार.

शेवटी त्याने रुखमाबाईंनाच गाठले. साठीची, उंच, ताठ बाई सुपात ज्वारी पाखडत होती. त्यांनी मान वर केली नाही.

"मालकाच्या घरचं तूप अजून तुमच्या मिशीले लागेल हाय, साहेब. अन् आमाले इचारता, दुखते कुठं?"

लिंबाखाली हशा पिकला. निवृत्तीने मिशी पुसली आणि चुकलो म्हणून कबूल केले. आपण कोणाच्याच बाजूचे नाही, हेही सांगितले. तेव्हा रुखमाबाईंनी गाव विचारले, बापाचे नाव विचारले, आणि आजोबा रंगरावांचे नाव निघताच सूप थांबले.

मग त्यांनी सांगितले. विहिरीच्या तंट्यात त्यांच्या सासऱ्यांनी रंगरावांना पंच म्हणून आणले होते. निकाल लागेतो रंगरावांनी दोन्ही घरचे पाणीही घेतले नाही. निकाल सासऱ्यांच्या बाजूने लागला, सासूने पुरण शिजवले. पण जिंकलेल्याच्या घरी जेवलो तर लोक निकालाला नावे ठेवतील, म्हणून पंच हात जोडून उठले. पुढे कधीतरी येईन म्हणाले, आणि येणे झाले नाही. पंचाचे पान आपल्यावर राहिले, असे सासू मरेपर्यंत म्हणत होती.

"तुमचे आजे पानी बी पेले न्हाई, अन् तुमी चापून आले," रुखमाबाई म्हणाल्या. "आता तराजू बराबर करा, बापू. तिकडं जेवले तितकंच इकडं जेवा. मंग इचारा."

पळसाची पत्रावळ आली. भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, ताक. निवृत्तीचे पोट आधीच नगाऱ्यासारखे तट्ट, तरी तो मांडी घालून बसला. पहिली भाकर संपली तशा जिभा सैल झाल्या. तारखेच्या आदल्या रात्री एसटी स्टँडवर झोपावे लागे. दरखेपेला मजुरी बुडे. कित्येकांनी जिंकत आलेला खटला निव्वळ थकून सोडला. हात खरकटा, लिहिता येईना. म्हणून तो नुसता ऐकत राहिला, आणि लोक बोलत राहिले.

"अबे, साहेबाचा पट्टा ढिला करा," कोणीतरी म्हणाले.

"मालकाचाबी हंगाम बुडाला," रुखमाबाई म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? कोर्ट जवळ पाह्यजे. त्याईलेबी अन् आमालेबी."

मालकाने सांगितले तेच मुकादमिणीच्या तोंडून आले. शिफारशीला यापरते बळ कोणते? निवृत्तीने सुटकेचा श्वास सोडला, तोच पत्रावळीवर आणखी एक भाकर पडली.

"हे सासूच्या हातची समजा."

त्याने ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. रुखमाबाईंनी पत्रावळ दुसऱ्या कोणाला उचलू दिली नाही. स्वतः वाकून उचलली आणि डोळ्यांना पदर लावला.

"फिटलं, माय," त्या गेलेल्या सासूला म्हणाल्या. "सारं फिटलं."